जैनाबादची गुलनार आणि गेंदामावशीचं कुंपण

गेंदामावशी, आधी बातमी सांगतो, बाकीचं मागाहून. गुलनार फुलली!

एखाद-दुसरी फांदी नव्हे. अकरांपैकी नऊ झाडं अशी लाल झाली आहेत की तापी ओलांडून जैनाबादला नावेतून उतरलं की काठावरूनच दिसतात. राहिलेली दोन, कोपऱ्यातली, लांबून अजून बोडकी दिसतात. पण त्यांनाही कळ्या आहेत. पानांत बोट घातलं की लागतात, वाटाण्याएवढ्या, टणक. मी सकाळपासून चारदा जाऊन हात लावून आलो.

आज रामनवमी. देवाच्या पाळण्याला आपल्या बागेतलीच फुलं होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. तुझं तेरावं होऊन पंधरा दिवस झाले. तू गेलीस तेव्हा झाडांवर नुसती तांबूस पालवी होती, कळी एकही नव्हती. महिनाभर थांबली असतीस तर! हे मी रागानं म्हणत नाही. खरं सांगायचं तर थोडं रागानंच म्हणतो.

बुऱ्हाणपुरातले लोक मला अजून विचारतात, ज्या डाळिंबाला डाळिंबं लागत नाहीत ते झाड पाळायचं कशाला? नुसतं फूल, तेही बिनवासाचं. मी त्यांना तुझंच उत्तर देतो. "खायची डाळिंबं इतवाऱ्याच्या बाजारात मिळतात. पाह्याची इथं हायेत." लोक हसतात. मग कधीतरी नदी ओलांडून येतात, पाहतात आणि पुन्हा विचारत नाहीत.

मी पहिल्यांदा तुझ्या बागेत आलो तो दिवस तुला आठवत असेल, पण माझ्या बाजूनं तो कसा होता हे मी तुला कधी सांगितलं नाही. नागपूरला शेतकी शिकून, बी. एजी. होऊन मी नुकताच नोकरीवर आलो होतो. आमच्या फोपनारच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील माझं प्रमाणपत्र उलटं धरून पाहायचे आणि म्हणायचे, छान आहे. मी गावोगाव कपाशीच्या बियाण्याबद्दल सांगत फिरायचो आणि माझे सख्खे काकासुद्धा ऐकता ऐकता बैलाला पाणी दाखवायला उठून जायचे. शिकलेलं सगळं पोटात तसंच पडून होतं. अशात तुमच्या देवळाच्या पंचांचे मुख्य, पाटील, कचेरीत आले आणि म्हणाले, "साहेब, कपाशीचं राहू द्या. आमच्या रामाच्या देवळामागची गुलनार शेंड्याकडून वाळून राहिली. ते काय ते बघा."

मला झाडाच्या आजारासाठी कोणीतरी बोलावलं होतं! मी इतक्या घाईनं निघालो की टोपी कचेरीत राहिली. पिशवीत भिंग, वही आणि सुरी, एवढंच घेऊन नावेत बसलो.

देवळाची माळीण तू, झाडाच्या आळ्यात पाय सोडून बसली होतीस. नजर वर न करता विचारलंस, "कोन हायेस?"

"मी शेतकी खात्याचा असिस्टंट."

"मंग कपाशीत जा ना भाऊ. इथं कपाशी नाय."

मी तरी झाडाजवळ गेलो. फांद्या टोकाकडून वाळत खाली आल्या होत्या. वाळलेल्या सालीवर बारीक काळे ठिपके होते, राईपेक्षाही बारीक. हेच चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं! मी जवळजवळ ओरडलोच, "मावशी, ही बुरशी आहे!"

"बुरशी शिळ्या भाकरीले येते," तू म्हणालीस. "उभ्या झाडाले कशी येईन?"

मी भिंग तुझ्या हातात दिलं. तू एक डोळा तळहातानं झाकून घेतलास आणि दुसरा भिंगाला लावून किती तरी वेळ पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "अरे राम! हे तं पुरं गाव बसलंय इथं."

"पाऊस पडला की या गावातले लोक थेंबाबरोबर उडतात आणि शेजारच्या फांदीवर जाऊन राहतात."

"मंग त्याहिचं घरच मोडलं पाह्यजे."

पुस्तकात या गोष्टीला तीन पानं लागली होती. तुला एक वाक्य पुरलं. त्या दिवशी नावेतून परतताना मी एकटाच हसत होतो. नावाड्यानं विचारलं, "बाबूजी, तरक्की झाली का?" मी हो म्हणालो.

मग आपली भांडणं सुरू झाली. फांदी कुठे कापायची, यावर आपण दोन वर्षं भांडलो. तुझं म्हणणं, वाळलेलं संपतं तिथं काप, हिरव्याले कायले हात लावतो? माझं म्हणणं, तिथून आणखी वीतभर खाली. शेवटी मी एक हिरवी फांदी कापून तुला दाखवली. वरून साल ठणठणीत, आणि आत लाकडात तपकिरी डाग उतरत गेलेला. तू तो डाग नखानं खरवडलास. त्यानंतर तू प्रत्येक फांदी आतलं लाकूड लोण्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत कापत खाली जायचीस, आणि तिथे पोहोचलीस की मी म्हणायचो, आणखी चार बोटं. तू म्हणायचीस, दोन. हे भांडण मिटलं नाही ते नाहीच. परवा छाटणीची खूण करताना मी तीन बोटं धरली.

औषधाचा दिवस तर मला जन्मभर पुरेल. इतवाऱ्यातल्या पंसाऱ्याकडून मोरचूद आणला होता. एका मडक्यात मोरचूद, दुसऱ्यात कळीचा चुना, आणि तिसऱ्यात दोन्ही एकदम ओतायचं. ओतलं की आभाळासारखा निळा रंग उठतो. तुझे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला त्यात घासलेलं लोखंड बुडवून बघतात. जवळ तुझी छाटणीची सुरी होती, मी तीच बुडवली. बाहेर काढली तर पातं तांब्याचं झालेलं, लालभडक.

"माही सुरी!" तू मडकं लाथाडायचीच बाकी होतीस. "माह्या मालकाच्या हातची सुरी! काय केलं रे कालेजवाल्या?"

"मावशी, याचा अर्थ चुना कमी आहे. हे झाडावर मारलं तर पानं जळतील. सुरीनं सांगितलं आपल्याला."

"सुरीनं तुले सांगितलं. मले काय सांगितलं?"

राखेनं घासून मी ती पुन्हा चकचकीत केली तेव्हा कुठे तू शांत झालीस. मग चुना वाढवला, सुरी कोरी निघाली, आणि आपण फवारा सुरू केला. झाडं निळी, मी निळा, तुझं लुगडं निळं. देवळात आलेल्या बाया विचारत होत्या, रंगपंचमी पुन्हा आली का? तूच मग मला अडवलंस. "आता मार. पन कळी धरल्यावर मारशील तं देवाले निळं फूल वाहू का?" हे माझ्या पुस्तकात नव्हतं. फवारा छाटणीनंतर आणि पावसाच्या तोंडी, फुलाच्या वेळी मुळीच नाही, हा नियम तुझा. मी तो वहीत लिहून घेतला आणि खाली तुझं नाव लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "नाव खोडू नको."

आता त्या गोष्टीकडे येतो जी मला तुला सांगायची होती.

त्या पहिल्या वर्षी कापलेल्या फांद्यांचं काय करायचं, हे मी फारसं मनावर घेतलंच नाही. जाळायच्या, असं मी एकदा म्हणालो होतो. तू म्हणालीस, देवाच्या फुलाचं लाकूड चुलीत घालत नाहीत, आगीत टाकत नाहीत आणि बागेच्या बाहेरही नेत नाहीत. तुमच्याकडची रीतच तशी. गुलनारची प्रत्येक कापलेली फांदी बागेच्या कुंपणात विणायची. तुझ्या सासऱ्यानं विणायला सुरुवात केली, मग तुझ्या मालकानं, मालक गेल्यावर तू. शेळी आत शिरणार नाही असं दाट, छातीएवढं कुंपण होतं ते. मला ते इतकं आवडलं की मी कोट काढून ठेवला आणि तुझ्याबरोबर विणायला बसलो. कोपऱ्यातल्या दोन झाडांजवळचा भाग मी विणला. तू म्हणालीस, "कालेजवाल्याले हात हायेत." मला नागपूरला मिळालेल्या बक्षिसापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

मी खंडव्याला साहेबांना लिहून टाकलं, रोग आटोक्यात आला. पावसाळा आला. भाद्रपदात फांद्या पुन्हा वाळू लागल्या, आधीपेक्षा जास्त. कोपऱ्यातली दोन झाडं तर अर्धी गेली.

पाटील कचेरीत आले. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, पंचांचं ठरलं. झाडं खोदून काढायची आणि तिथं केळी लावायची. माळीणही नको मग. आता सांगा, तुमचं औषध चुकलं का?" बाहेर दोन कारकून ऐकत होते. मावशी, मी म्हणालो, "औषध बरोबर आहे. माळीणबाईंनी सुरी स्वच्छ ठेवली नसेल."

तू प्रत्येक झाडानंतर सुरी विस्तवावर धरून पुसायचीस. मी शिकवलं होतं आणि तू एकदाही चुकली नव्हतीस. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. पाटील निघून गेले आणि चार दिवसांनी निरोप आला की पंचांनी येत्या रामनवमीनंतर आणखी एक साल दिलं आहे, म्हणजे त्याच्या पुढच्या रामनवमीपर्यंत. मला वाटलं माझ्या पदवीचा मान ठेवला. मी ते तुला तसंच सांगितलं. तू "बरं झालं" म्हणालीस आणि आळं उकरत राहिलीस.

त्या सालात मी जास्त फवारलं, जास्त कापलं, आणि झाडं तशीच मरत राहिली. मी तुझ्यासमोर यायचं टाळू लागलो. पुढच्या श्रावणात तूच मला निरोप पाठवून बोलावलंस. झिमझिम चालू होती. डोक्यावर पोतं घेऊन तू बागेच्या मधोमध उभी होतीस.

"पाह्य," तू म्हणालीस. "मधलं झाड हिरवं. त्याच्या बाजूचं थोडं वाळलं. कुंपनाजवळचं मेल्यासारखं. मी तं समजत होती का बकऱ्या तोंड लावतात. बकरी नाय भाऊ. तुह्या काचेनं कुंपन पाह्य."

मी भिंग काढलं. ओल्या कुंपणातल्या काटकीवर तेच काळे ठिपके. फुगलेले, आणि त्यांतून बारीक चिकट धागे बाहेर येत असलेले. एक काटकी, दुसरी, दहावी. आपण गाव मोडलं होतं आणि ते उचलून झाडांच्या गळ्यात बांधून ठेवलं होतं! दर पावसाला तिथून थेंब उडत होते. सगळ्यात दाट ठिपके मी विणलेल्या कोपऱ्यात होते. मी चिखलात बसलो आणि मला हसू आलं, इतका आनंद झाला. आजार सापडला होता! तू मात्र हसली नाहीस. तू लगेच ओळखलंस की मी आता काय म्हणणार.

"जाळायचं नाय," तू म्हणालीस.

"मावशी, पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. रोगट लाकूड जाळावं."

"जाळायचं नाय. त्यात माह्या मालकाचा हात हाये."

दोन महिने आपण यावर बोललो, बोललो नाही, पुन्हा बोललो. मी तुला घाबरवलं, विनवलं. एकदा तर म्हणालो की मी सरकारी माणूस आहे, मला अधिकार आहे. तू म्हणालीस, "हाये ना. पेटव. मी मधी बसते." मी काड्यांची पेटी पिशवीत घेऊन फिरत होतो आणि ती पेटी मला रोज जड होत होती.

कार्तिकात एका सकाळी मी आलो तर तू कुंपण सोडवत होतीस. एकटी. एकेक फांदी, गाठ उलटी फिरवून, मोडू न देता. पुढे पाच-सहा मोळ्या बांधून ठेवलेल्या, प्रत्येकीवर हळद-कुंकू.

"हे काय?"

"देवाच्या अंगावरचं फूल शिळं झालं का काय करतो?"

"निर्माल्य नदीत सोडतो."

"मंग हे काय हाये?"

मी म्हणालो, "पण पुस्तकात जाळावं असं..."

"तुह्या पुस्तकात तापी हाये का?"

नव्हती. बुरशीला झाडापासून लांब न्यायचं, एवढंच पुस्तकाला हवं होतं, आणि नदी ते करत होती. तीन दिवस आपण मोळ्या वाहिल्या. भर प्रवाहात, गावाच्या आणि बागांच्या खाली, नावेतून सोडल्या. नावाडी कुरकुरला की नावेला काटे लागतात. तू त्याला म्हणालीस, "दोन पिढ्या जाऊन राह्यल्या तुह्या नावेतून, गप वल्हव." शेवटची मोळी तुझ्या मालकानं विणलेल्या भागातली होती. ती तू मांडीवर घेऊन बसली होतीस. मी नदीकडे पाहत राहिलो. मला तेव्हाच सुरीची गोष्ट सांगायची होती. तोंड उघडलंही होतं. तू म्हणालीस, "थंडी हाये, तोंड बंद ठेव," आणि मोळी सोडलीस.

मार्गशीर्षात, कोरड्या हवेत, आपण छाटणी केली. प्रत्येक कापावर मोरचूद-चुन्याचा घट्ट लेप. खाली पडलेलं पान न पान गोळा. आळं खोडापासून हातभर लांब सरकवलं, म्हणजे बुंधा ओला राहू नये. झाडं खराट्यासारखी दिसत होती. तू म्हणायचीस, "हजामत जोरात झाली." फाल्गुनात ताप आला आणि तू चार दिवसांत गेलीस. मी शेवटच्या दिवशी आलो तेव्हा तू पालवीबद्दलच विचारलंस. मी म्हणालो, तांबूस आहे. तू म्हणालीस, "तांबूस चांगली." मला वाटलं, सुरीचं उद्या सांगू.

आता आज दुपारचं ऐक. जन्म झाला, सुंठवडा वाटून झाला, आणि मुदत संपली म्हणून पाटील दोन मजूर घेऊन बागेत आले. खांद्यावर कुदळी. ते देवळाच्या मागच्या वाटेनं आले होते, म्हणून त्यांना आधी कोपऱ्यातली दोन बोडकी झाडंच दिसली. मी धावत आडवा गेलो. कळ्या दाखवल्या. मग हात धरून त्यांना पुढे आणलं आणि ती नऊ झाडं दिसली. पाटील पागोटं सावरत उभे राहिले. पाळण्याची फुलं बाजारातून आली असतील असं त्यांना वाटलं होतं.

मला तेव्हाच बोलायचं होतं, दोन मजुरांसमोर, देवळातून बाहेर पडणाऱ्या लोकांसमोर. मी म्हणालो, "पाटील, मागं मी कचेरीत खोटं बोललो. गेंदामावशीची सुरी स्वच्छ होती. चूक माझी होती. रोगट फांद्या कुंपणात मी स्वतः विणल्या."

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगितलं.

"ते मले मालूम हाये साहेब. मी त्याच दिवशी बागेत जाऊन बाईले झाडलं होतं, का तुनं सुरी घाण ठेवली. तिनं तुमची नाव येते तिकडं, नदीकडं पाह्यलं. मंग म्हने, हो पाटील, माहीच चूक. मले एक साल द्या. मी म्हटलं, तुह्यासाठी? तं म्हने, पोरगं पह्यल्यांदा काही करून राह्यलं, त्याचा हात मोडू नका." पाटलांनी त्या नऊ झाडांकडे पाहिलं. "हे खोटं हाये हे मले तेव्हाच समजलं. ती बाई सुरी जेवायच्या ताटासारखी पुसायची."

मावशी, तुला ठाऊक होतं. मी "पदवीचा मान" म्हणालो तेव्हा तू आळं उकरत होतीस आणि तुला ठाऊक होतं. ते साल तू तुझी चूक नसताना चूक मान्य करून मिळवलं होतंस. झाडांसाठी, असं मी दुपारपासून स्वतःला सांगतो आहे, पण पाटील म्हणाले ते शब्द झाडांबद्दल नव्हते.

माझ्या घरात मला पुढे ढकलणारं कोणी शिकलेलं नव्हतं. मला नेहमी वाटायचं की जे केलं ते मी एकट्यानं केलं, दिव्याखाली बसून. आज रडताना मला खूप मोकळं वाटलं आणि मी रडता रडता पाटलांना कळ्या मोजून दाखवत होतो. त्यांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलं.

मजूर तसेच उभे होते. त्यांतल्या मोठ्यानं विचारलं, "पाटील, मंग कोन्ती खोदायची?"

पाटील म्हणाले, "कोन्तीच नाय." मग थोडा विचार करून म्हणाले, "आलेच हायेत तं रिकामे कायले जाता? साहेब सांगतील तशी आळी करून द्या."

त्यानं कुदळ खांद्यावरून उतरवली आणि मला विचारलं, "खोडापासून किती लांब, बाबूजी?"

"हातभर," मी म्हणालो.

दोघं वाकले आणि कोपऱ्यातल्या झाडापासून त्यांनी खणायला सुरुवात केली.